कंपायलर अपग्रेडनंतर एक्सेप्शन पकडलं जात नाही? या क्रमाने तपासा

कोडची एक ओळही बदलली नाही, फक्त कंपायलर नवा टाकला, आणि इतकी वर्षं जे एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना फेकली जाणारी एरर) निमूट कॅच ब्लॉकमध्ये (ती पकडणाऱ्या कोडमध्ये) येत होतं ते आता अख्खा प्रोग्राम आडवा करतंय. अशा वेळी बहुतेक जण दिसेल तिथे तीन टिंबांचा, म्हणजे काहीही पकडणारा, कॅच टाकतात, नाहीतर ऑप्टिमायझेशन बंद करतात, नाहीतर "कंपायलरमध्येच बग आहे" म्हणून जुन्या व्हर्जनवर परत जातात. कारण तिथेच राहतं, आणि सहा महिन्यांनी परत तोच घोळ.

मुळात नुसता कंपायलर बदललाय असं सहसा होत नाही. त्याच्याबरोबर भाषेचं डीफॉल्ट स्टँडर्ड बदलतं, रनटाइम लायब्ररी बदलते, कधीकधी बिल्ड स्क्रिप्टमधले फ्लॅगसुद्धा. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की दोष कोणाचा हे नुसतं कोड वाचून कळत नाही, त्यामुळे इथला सगळा खटाटोप त्या चार गोष्टी एकेक करून वेगळ्या काढायचा आहे.

हे सगळं सी प्लस प्लसबद्दल आहे. फ्लॅगची आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टाइप करताना मॅन्युअलमधलं स्पेलिंग बघून घ्या.

## टप्पा १: कोडला हात लावण्याआधीची तयारी

जुना कंपायलर काढून टाकू नका. दोन्ही एकाच मशीनवर ठेवा, आणि दोन पूर्ण वेगळे बिल्ड फोल्डर करा, एक जुन्याचा एक नव्याचा. जुन्याच फोल्डरमध्ये नव्या कंपायलरने "मेक" मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, कारण सोर्स बदललेला नसतो त्यामुळे अर्ध्या ऑब्जेक्ट फाइल्स तशाच जुन्या राहतात आणि लिंकर काही न बोलता दोन्ही जोडून टाकतो. सीमेक (बिल्ड कॉन्फिगर करणारं टूल) वापरत असाल तर कॅश फाइलमध्ये कंपायलरचा पाथ पहिल्याच वेळी कोरला जातो, नंतर एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल बदलून काही फरक पडत नाही. फोल्डर उडवा आणि नव्याने कॉन्फिगर करा.

दोन्ही बिल्डमध्ये डीबग सिम्बॉल चालू ठेवा पण ऑप्टिमायझेशन लेव्हल तीच ठेवा जी प्रॉडक्शनमध्ये आहे. इथे ऑप्टिमायझेशन बदललंत तर पाचवी गोष्ट बदलली.

मग बिल्ड व्हर्बोज मोडमध्ये चालवून पूर्ण लॉग फाइलमध्ये घ्या, आणि कोणत्याही एका सोर्स फाइलची जुनी आणि नवी कंपाइल कमांड शेजारी शेजारी ठेवून वाचा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण एखादा फ्लॅग गळालेला किंवा नवीन आलेला असेल तर तो इथेच सापडतो.

तपासा: तयार झालेल्या बायनरीवर रीडएल्फ (बायनरीच्या आतली माहिती दाखवणारं टूल) चालवून कॉमेंट सेक्शन बघा. कोणकोणत्या कंपायलर व्हर्जनने बनवलेले तुकडे आत आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. सिस्टमच्या स्टार्टअप फाइल्समुळे एखादं जास्तीचं व्हर्जन दिसू शकतं, त्याला घाबरू नका, पण तुमचा जुना कंपायलर तिथे दिसला तर बिल्ड भेसळीचा आहे किंवा एखादी स्टॅटिक लायब्ररी जुनीच आहे. ती आधी निस्तरा, पुढे जाऊ नका.

## टप्पा २: नेमकं काय होतंय ते ओळखा

"एक्सेप्शन चालत नाही" हे लक्षण झालं. त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: एक्सेप्शन फेकलंच जात नाहीये, फेकलं जातंय पण त्याला जुळणारा कॅच सापडत नाहीये, किंवा कॅच आहे पण वाटेतच कोणीतरी टर्मिनेट (प्रोग्राम तिथेच बंद करणारं फंक्शन) बोलावलं. तिन्हींचे उपाय वेगळे.

आधी एरर मेसेज नीट वाचा. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरच्या रनटाइममध्ये "टर्मिनेट कॉल्ड आफ्टर थ्रोइंग ॲन इन्स्टन्स ऑफ" असं येऊन पुढे टाइपचं नाव आलं तर एक्सेप्शन फेकलं गेलंय. "विदाउट ॲन ॲक्टिव्ह एक्सेप्शन" असं आलं तर बऱ्याचदा तुमच्या कॅचचा काही संबंधच नसतो, जॉइन किंवा डिटॅच न केलेला थ्रेड ऑब्जेक्ट नष्ट झाला की हाच मेसेज येतो, आणि हातात कुठलंही एक्सेप्शन नसताना नुसता रिकामा थ्रो लिहिला तरी हाच. लोक दोन-दोन दिवस कॅच ब्लॉक चाळत बसतात आणि घोळ थ्रेडचा निघतो.

आता जीडीबी हा डीबगर. प्रोग्राम सुरू करायच्या आधी "कॅच थ्रो" ही कमांड द्या, म्हणजे एक्सेप्शन फेकलं जाताक्षणी तो थांबेल. प्रोग्राम सतत एक्सेप्शन फेकणारा असेल तर त्याच कमांडपुढे टाइपच्या नावाचा रेग्युलर एक्सप्रेशन पॅटर्न देता येतो. थांबलाच नाही, तर पहिला प्रकार: फेकलंच जात नाहीये.

थांबला तर तिथला बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) जपून ठेवा आणि प्रोग्राम पुढे सोडा. अबॉर्ट होईल तेव्हा दुसरा बॅकट्रेस घ्या. दोन्ही कशाला, तर जीसीसीचा रनटाइम शोध दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत तो स्टॅक न हलवता वर वर जात कोणी घ्यायला आहे का ते बघतो, दुसऱ्या फेरीत खरोखर फ्रेम (स्टॅकवरची एकेका फंक्शनची जागा) मोकळ्या करत जातो. त्यामुळे:

- टर्मिनेटच्या लगेच खाली थेट "सीएक्सए थ्रो" दिसलं, तर पहिल्याच फेरीत रनटाइम हात हलवत परत आला. म्हणजे जुळणारा कॅच मिळाला नाही, किंवा वाटेतल्या एखाद्या फ्रेमची अनवाइंड माहितीच (ती फ्रेम मोकळी कशी करायची हे सांगणारी) नव्हती. टप्पा ५ आणि ६ बघा.
- टर्मिनेट आणि थ्रो यांच्या मध्ये पर्सनॅलिटी फंक्शन (एकेका फ्रेममध्ये काय करायचं ते रनटाइमला सांगणारं) किंवा "सीएक्सए कॉल टर्मिनेट" दिसलं (क्लँगने बिल्ड केलं असेल तर "क्लँग कॉल टर्मिनेट"), तर वाटेत नोएक्सेप्टची ("या फंक्शनमधून एक्सेप्शन बाहेर पडणार नाही" या हमीची) भिंत लागली. टप्पा ३ आणि ४.

सावधान: नोएक्सेप्टच्या भिंतीच्या प्रकारात मधल्या काही फ्रेम आधीच मोकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे कोअर डम्पमधल्या बॅकट्रेसमध्ये मूळ थ्रो दिसेलच असं नाही. नुसत्या कोअर डम्पवर विसंबून "थ्रो इथून झाला" असं ठरवू नका, थ्रोच्या जागी घेतलेला पहिला बॅकट्रेसच खरा.

## टप्पा ३: नवा कंपायलर, पण जुनं स्टँडर्ड

ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तरी कोणी करत नाही. एसटीडी फ्लॅग दिलेला नसेल तर कंपायलर त्याचं डीफॉल्ट घेतो, आणि ते डीफॉल्ट व्हर्जनबरोबर सरकतं. जीसीसी ५ पर्यंत डीफॉल्ट सी प्लस प्लस ९८ चं जीएनयू रूप होतं, जीसीसी ६ ला ते १४ वर गेलं आणि जीसीसी ११ ला १७ वर. क्लँगने १४ वर उडी ६ व्या व्हर्जनला मारली आणि १७ वर १६ व्या व्हर्जनला.

तर नव्या कंपायलरला जुन्याचं स्टँडर्ड स्पष्टपणे सांगा आणि पूर्ण क्लीन बिल्ड करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, तुमच्या स्वतःच्या स्टॅटिक लायब्रऱ्यांसकट.

त्रास गेला तर कंपायलर निर्दोष, नियम बदललेत, टप्पा ४ ला जा. त्रास तसाच राहिला तर स्टँडर्डचा प्रश्न नाही, थेट ५ व्या टप्प्यावर. आणि त्रास गेला म्हणून तो फ्लॅग तसाच ठेवून रिलीज करणार असाल तर तात्पुरतं चालेल, फक्त बिल्ड फाइलमध्ये कॉमेंट टाका की हा का आहे, नाहीतर पुढचा माणूस साफसफाई म्हणून काढून टाकेल.

## टप्पा ४: नोएक्सेप्टच्या भिंती शोधा

निम्म्याहून जास्त वेळा घोडं इथेच अडलेलं असतं, म्हणून जरा थांबून बघू.

सी प्लस प्लस ११ पासून डिस्ट्रक्टर न सांगताही नोएक्सेप्ट असतो. समजा लॉग फाइल सांभाळणारा एक क्लास आहे. त्याचा डिस्ट्रक्टर क्लोज फंक्शन बोलावतो, क्लोज उरलेला बफर डिस्कवर लिहायला जातं, डिस्क भरलेली असेल तर रनटाइम एरर फेकतं. वापरणाऱ्या फंक्शनमध्ये ट्राय ब्लॉकच्या आत त्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे आणि खाली व्यवस्थित कॅच आहे. ९८ च्या नियमाने ब्लॉक संपताना डिस्ट्रक्टर चालला, एक्सेप्शन बाहेर आलं, कॅचने घेतलं, युजरला "डिस्क भरली" असा मेसेज गेला. १४ च्या नियमाने एक्सेप्शन डिस्ट्रक्टरच्या कडेला पोचलं की थेट टर्मिनेट. कॅच दोन ओळींवर आहे, कोडमध्ये डोळ्याला दिसतोय, पण तिथवर पोचायची परवानगीच नाही.

जीसीसी ६ पासून डिस्ट्रक्टरच्या अंगात थेट थ्रो लिहिला असेल तर "टर्मिनेट" नावाची वॉर्निंग आपोआप येते. वरच्या उदाहरणात ती येणार नाही, कारण थ्रो क्लोजच्या आत आहे, आणि खऱ्या कोडमध्ये तो जवळजवळ नेहमी असाच आत कुठेतरी असतो. म्हणून वॉर्निंग नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. टप्पा २ मधला थ्रोच्या जागचा बॅकट्रेस घ्या आणि त्यात टिल्डा चिन्हाने सुरू होणारं फंक्शन शोधा, बहुतेक वेळा तोच गुन्हेगार.

उपाय दोन. घाईचा: त्या डिस्ट्रक्टरपुढे नोएक्सेप्ट आणि कंसात फॉल्स लिहा. असा डिस्ट्रक्टर असलेला क्लास दुसऱ्या क्लासचा मेंबर किंवा बेस असेल तर त्या दुसऱ्याचा न सांगितलेला डिस्ट्रक्टरही फेकू शकणारा होतो, तेव्हा हे लोण किती पसरतंय ते बघा. टिकाऊ उपाय म्हणजे क्लोज हे वापरणाऱ्याने स्वतः बोलवायचं फंक्शन करा आणि डिस्ट्रक्टरमध्ये फक्त शेवटचा प्रयत्न, ट्राय-कॅचच्या आत, एरर लॉग करून गप्प. माझं मत विचाराल तर दुसराच करा, कारण एक एक्सेप्शन वाटेत असताना डिस्ट्रक्टरमधून दुसरं बाहेर पडलं तर ९८ मध्येही टर्मिनेटच होत होतं.

आता दुसरी भिंत, आणि ही लोक स्वतःच बांधतात. सी प्लस प्लस १७ ने फंक्शनपुढे कंसात टाइपांची यादी देणारे जुने थ्रो स्पेसिफिकेशन काढून टाकले, त्यामुळे जीसीसी ११ वर गेलात की शेकड्याने कंपाइल एरर येतात. मग कोणीतरी फाइंड-रिप्लेस मारतो: थ्रो कंस जे काही ते सगळं नोएक्सेप्ट. बिल्ड हिरवा होतो, सगळे खूश, आणि पहिलं खरं एक्सेप्शन आल्यावर प्रोग्राम खाली.

नियम असा: कंस रिकामा असेल तर नोएक्सेप्ट. कंसात टाइप असेल तर ते फंक्शन फेकतं असं लिहिणाऱ्याने स्वतःच सांगितलंय, तिथे काहीही लिहू नका, नुसतं काढून टाका.

हे कोणी आधीच करून ठेवलंय का ते बघायला व्हर्जन कंट्रोलमध्ये अपग्रेडच्या आसपासचे कमिट काढा आणि त्यात नवीन आलेला प्रत्येक नोएक्सेप्ट डोळ्याखालून घाला. जुन्या थर्ड पार्टी हेडरमध्ये मॅक्रो असतो तो पण बघा, जो जुन्या स्टँडर्डवर थ्रो कंस आणि नव्यावर नोएक्सेप्ट होतो, तो एका जागी चुकीचा असला की सगळीकडे चुकीचा.

अनएक्स्पेक्टेड हँडलर लावून जुगाड केलेला कोड असेल तर तोही १७ मध्ये गेला. त्याला थेट पर्याय नाही, ते लॉजिक जिथे एक्सेप्शन पकडता तिथे हलवावं लागेल.

## टप्पा ५: रनटाइम एकच आहे ना?

एलडीडी (प्रोग्रामला लागणाऱ्या शेअर्ड लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) चालवून बघा की प्रोग्राम रन होताना कुठली लिबस्टडसीप्लसप्लस, म्हणजे जीसीसीची सी प्लस प्लस लायब्ररी, उचलतोय. नव्या कंपायलरने बिल्ड केलं पण लायब्ररी पाथमध्ये जुनी कॉपी आधी सापडली, की एकतर "जीएलआयबीसीएक्सएक्स व्हर्जन नॉट फाउंड" म्हणून सुरूच होणार नाही किंवा सुरू होऊन विचित्र वागेल. सुरू न होणं परवडलं. प्लगइन डीएलओपनने नंतर लोड होत असतील तर ते एलडीडीला दिसत नाहीत, चालू प्रोसेसचा मॅप्स फाइलमधला मजकूर बघा. तिथे एकाच प्रोसेसमध्ये लिबस्टडसीप्लसप्लस आणि लिबसीप्लसप्लस (क्लँगची) दोन्ही दिसल्या तर त्यांच्या सीमेपलीकडे एक्सेप्शन जाऊ देऊ नका.

जीसीसी ५ ला स्ट्रिंग आणि लिस्टची रचना बदलली आणि जुनी-नवी दोन्ही एकाच लायब्ररीत ठेवली गेली. आयओ स्ट्रीमचं फेल्युअर हे एक्सेप्शनही त्यात अडकलं. जीसीसी ५ आणि ६ मध्ये लायब्ररी जुन्या रचनेचं फेल्युअर फेकायची आणि तुमचा नव्या रचनेने कंपाइल झालेला कॅच नव्याची वाट बघत बसायचा, दिसायला नाव तेच. ७ मध्ये हे बदललं. फाइल स्ट्रीमचीच एक्सेप्शन निसटत असतील आणि बाकीची येत असतील तर आधी इथे बघा. मधल्या काळासाठी स्टँडर्ड एक्सेप्शन हा बेस टाइप रेफरन्सने पकडला तर दोन्ही सापडतात.

जीसीसीची सपोर्ट लायब्ररी स्टॅटिक लिंक करायचा फ्लॅग शेअर्ड लायब्रऱ्यांबरोबर वापरत असाल आणि एक्सेप्शन एका लायब्ररीतून दुसरीत जात असेल तर तो फ्लॅग काढा. लिंक करतानाही सीच्या ड्रायव्हरने नाही, जी प्लस प्लसने करा.

आणखी एक जागा म्हणजे हिडन व्हिजिबिलिटी, म्हणजे लायब्ररीतली नावं बाहेरच्यांना न दिसणं. कॅच जुळवताना लिबस्टडसीप्लसप्लस टाइपचं नाव अक्षरशः ताडून बघते, त्यामुळे एक्सेप्शन क्लासची टाइप माहिती दोन लायब्रऱ्यांत दोनदा असली तरी चालून जातं. लिबसीप्लसप्लस बऱ्याच प्लॅटफॉर्मवर फक्त पत्ता बघते. म्हणून जीसीसीवरून क्लँग आणि त्याच्या लायब्ररीवर गेलात की आधी झाकलेली चूक उघडी पडते. अँड्रॉइडवर एनडीके (सी प्लस प्लससाठीचं टूलकिट) आर१८ ने जीसीसी आणि जीएनयूची लायब्ररी काढल्यावर हे पुष्कळांना भोवलं.

उपाय: सीमा ओलांडणाऱ्या एक्सेप्शन क्लासला डीफॉल्ट व्हिजिबिलिटी द्या, आणि त्यात निदान एक व्हर्च्युअल फंक्शन, जसं की डिस्ट्रक्टर, हेडरबाहेर एकाच सोर्स फाइलमध्ये लिहा. मग टाइप माहिती एकदाच तयार होते.

## टप्पा ६: मधे सीचा कोड, थ्रेड कॅन्सल, लिंकर स्क्रिप्ट

तुमचं फंक्शन सी लायब्ररीला कॉलबॅक म्हणून दिलंय आणि आतून एक्सेप्शन फेकताय? सीची ती फ्रेम ओलांडायला अनवाइंड टेबल लागतात. ६४ बिट इंटेल लिनक्सवर ती सीच्या कोडलाही आपोआप मिळतात म्हणून चालतं, तोच कोड ३२ बिट आर्मवर टर्मिनेट होतो. सीचा सोर्स हातात असेल तर तो एफ-एक्सेप्शन्स फ्लॅगने बिल्ड करा, नसेल तर कॉलबॅकमध्येच पकडा, एक्सेप्शन पॉइंटरमध्ये ठेवा आणि सीमधून परत आल्यावर पुन्हा फेका. मला तर सोर्स हातात असतानाही हाच मार्ग बरा वाटतो.

पीथ्रेड कॅन्सल वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) थ्रेड कॅन्सल करताना स्टॅक एक्सेप्शनसारखाच मोकळा करते. नोएक्सेप्ट डिस्ट्रक्टरच्या आत कॅन्सल पॉइंट आला की टर्मिनेट, आणि तीन टिंबांच्या कॅचने ते गिळलं, पुन्हा फेकलं नाही, तर "एक्सेप्शन नॉट रीथ्रोन" म्हणून प्रोसेस मरते. घाईत टाकलेल्या कॅच-ऑलचा हा खास प्रसाद.

एम्बेडेडवाल्यांनी स्वतःची लिंकर स्क्रिप्ट उघडा. एक्सेप्शन टेबलच्या सेक्शनच्या नावापुढे फंक्शनचं नाव जोडलेलं रूपही येऊ शकतं, स्क्रिप्टमध्ये फक्त साधं नाव असेल तर ते तुकडे भलतीकडे जातात. नावापुढे स्टार टाका, आणि अनवाइंड टेबल डिस्कार्डच्या यादीत किंवा स्ट्रिप कमांडमध्ये नाहीत ना ते बघा.

## टप्पा ७: विंडोजवर असाल तर

व्हिज्युअल सी प्लस प्लसमध्ये एक्सेप्शन मॉडेल हाच एक फ्लॅग आहे. सीमेकमध्ये सीएक्सएक्स फ्लॅग स्वतः पूर्ण लिहून काढलेत की त्यातला ईएच-एससी उडू शकतो, मग सी४५३० वॉर्निंग येते आणि एक्सेप्शन जाताना डिस्ट्रक्टर चालत नाहीत. ती वॉर्निंग दाबून ठेवलेली असेल तर आधी उघडा.

ईएच-एससीमधला शेवटचा सी कंपायलरला सांगतो की एक्स्टर्न-सी फंक्शन कधीच फेकत नाहीत. तुमचं फेकत असेल तर तो सी काढा. ॲक्सेस व्हायोलेशन तीन टिंबांच्या कॅचमध्ये यायला हवं असेल तर ईएच-ए लागतो, पण ती सवयच वाईट, तिथे मेमरी आधीच बिघडलेली असते. डिस्ट्रक्टरचा टप्पा ४ मधला नियम इकडे २०१५ पासून लागू आहे.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ मध्ये ६४ बिटसाठी एक्सेप्शन टेबलचा नवा आटोपशीर फॉरमॅट आला आणि त्याचा हँडलर व्हीसीरनटाइम१४०_१ या वेगळ्या डीएलएलमध्ये आहे. तुमच्या मशीनवर चालतं पण दुसऱ्याकडे "डीएलएल सापडत नाही" येत असेल तर इन्स्टॉलरमध्ये जुना रीडिस्ट्रिब्युटेबल आहे, नवा टाका. ती एक डीएलएल कुठून तरी उतरवून फोल्डरमध्ये कोंबू नका.

## टप्पा ८: इथपर्यंत येऊनही सापडलं नाही तर

आधी ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालवा, कारण आधीपासून खराब होत असलेला स्टॅक जुन्या कंपायलरच्या मांडणीत निभावून जातो आणि नव्यात नाही. तो स्वच्छ निघाला तर ऑब्जेक्ट फाइल्स अर्ध्या-अर्ध्या करा: दोन्ही बिल्डचं स्टँडर्ड आणि लायब्ररी सारखी ठेवून निम्म्या फाइल्स जुन्या कंपायलरच्या, निम्म्या नव्याच्या, लिंक करा, चालवा, दोषी अर्ध पुन्हा अर्ध करा. टप्पा १ मध्ये नको म्हटलेली भेसळ इथे मुद्दाम करतोय, फक्त कुठली फाइल कुठली याची नोंद ठेवा. हजार फाइल्स असल्या तरी दहाएक फेऱ्यांत एका फाइलवर येता. लिंक टाइम ऑप्टिमायझेशन या काळात बंद हवं, ते चालू असताना ऑब्जेक्टची अशी अदलाबदल करता येत नाही.

सापडलेली फाइल प्रीप्रोसेस करून घ्या (सेव्ह-टेम्प्स फ्लॅग), आणि लागत नाही ते कापत कापत लहान करा, दर वेळी दोन्ही कंपायलरवर चालवून. बऱ्याचदा कापतानाच आपली चूक दिसते. नाहीच दिसली तर ती लहान फाइल, पूर्ण कमांड लाइन आणि व्हर्बोज व्हर्जनचं आउटपुट एवढं घेऊन बग रिपोर्ट करा. अख्खा प्रोजेक्ट जोडून "आधी चालायचं, आता चालत नाही" असं लिहिलंत तर कोणी उघडणार नाही.